सोंग घरचं, पोस्त सगळ्यांची

(मंडळाच्या निधी-संकलन संध्येत पोशाख समितीतर्फे केलेलं भाषण)



आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. त्यातल्या पैशाबद्दल आपले खजिनदार बोलतीलच. आम्ही फक्त सोंगांबद्दल बोलणार आहोत. 2025 च्या शिमगा कार्यक्रमात तुम्ही जे संकासुर आणि गोमू पाहिले, त्यांचे कपडे कसे झाले आणि ते भाड्याने न आणता आम्ही घरीच का शिवले, एवढंच सांगायचं आहे.

ज्यांचं गाव कोकणात नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, कोकणात शिमगा सुरू होतो. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघरी जाते. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर-चिपळूणकडे, खेळे गावोगाव फिरतात. त्यांत साडी नेसलेला पुरुष म्हणजे गोमू, आणि काळा झगा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं अशा थाटातला तो संकासुर. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. दारापुढे खेळ झाला की घरधनी जे हातावर ठेवतो, ती पोस्त.

आता गंमत ऐका. बहारीनमध्ये 1932 साली तेल लागलं आणि तेव्हापासून तेलाच्या निमित्ताने जगभरची माणसं इथे येत राहिली. आमच्यातल्या एकाच्या ऑफिसात अमेरिकेतल्या लुइझियानाचे एक गृहस्थ आहेत. संकासुराचा फोटो पाहून ते म्हणाले, "हा तर आमच्या गावचा!" तिथे केजन नावाचे फ्रेंच बोलणारे लोक आहेत. 1755 पासून इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकलून दिलं आणि त्यांच्यातले बरेच जण पुढे लुइझियानात स्थिरावले. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, 'मार्दी ग्रा'ला, मामू, युनिस, चर्च पॉइंट अशा गावांतून त्यांची टोळी निघते. कपडे घरीच शिवलेले, जुन्या कापडाच्या झालरी लावलेले. तोंडावर खिडकीच्या जाळीचा मुखवटा आणि डोक्यावर उंच निमुळती टोपी, अगदी संकासुरासारखी! तिला ते कापुशाँ म्हणतात. टोळीचा नायक मात्र मुखवटा घालत नाही. तो पुढे जाऊन घरधन्याची परवानगी मागतो. मग ही सोंगं नाचतात, गातात आणि तांदूळ, सॉसेज, जिवंत कोंबडी असं काहीबाही मागून घेतात. त्यातूनच संध्याकाळी सगळ्या गावासाठी गंबो नावाचं कालवण शिजतं.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? इथे बहारीनमध्ये रमझानच्या मध्यावर गरगाऊन असतो. मुली जरीकामाचा बुखनक डोक्यावर घेतात, मुलं थोब घालतात, गळ्यात कापडी पिशव्या अडकवतात आणि दारोदार गाणी म्हणत सुकामेवा, मिठाई गोळा करतात. 2025 साली होळी 13 मार्चला होती आणि गरगाऊनही त्याच सुमारास आला. योगायोग नाही बरं का, दोन्ही सण पौर्णिमेच्या चंद्राचे. रमझानचा मान राखून आपण आपला कार्यक्रम ईदनंतर, सभागृहात केला, हे तुम्हाला आठवत असेलच.

तीन मुलुख, तीन धर्म, पण रीत एकच. नेहमीचा पोशाख उतरवायचा, सणाचा चढवायचा आणि सगळ्यांसाठी दारोदार मागायचं. हे समजलं आणि पोशाख घरीच करायचं आमचं नक्की झालं. भाड्याचा पोशाख एका रात्रीचा. त्या पैशात आपल्या एखाद्या कामगार बांधवाचं महिन्याचं औषधपाणी होतं. शिवाय भाड्याने आणलेल्या पोशाखात कुणाचा हात लागलेला नसतो.

बहारीनमध्ये परवान्याशिवाय निधी गोळा करता येत नाही. 2013 चा 21 क्रमांकाचा कायदाच आहे तसा. म्हणून पैशाचं काम परवान्याने, पावतीने, मंडळाच्या खात्यातूनच. आम्ही सभासदांच्या दारी गेलो ते जुन्या कापडासाठी. ही आमची पोस्त! आणि लोकांनी दिली की हो! पडद्यांचं काळं अस्तर, बासमतीची रिकामी पोती, विटलेल्या साड्या, चपटी झालेली उशी. एका आजींनी नाचाची जुनी घुंगरं काढून दिली.

अस्तराचे झगे झाले, उशीतल्या कापसाच्या दाढ्या. पोती कापून त्यांच्या पट्ट्या काठाला लावल्या, लुइझियानाच्या झालरीसारख्या. खरी परीक्षा टोपीची. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, म्हणून आधी गणित मांडलं. डोक्याचा घेर 58 सेंटिमीटर आणि टोपीची उंची 60, तर पुठ्ठ्यातून सुमारे 61 सेंटिमीटर त्रिज्येचा आणि 55 अंशांचा तुकडा कापायचा. आमचं हे चालू असताना गुहागरकडचे एक काका शेजारी बसले होते. इथे एका बांधकामावर सुतारकाम करतात. त्यांनी जुनं वर्तमानपत्र घेतलं, डोक्याभोवती गुंडाळलं, वरचं टोक आवळलं, खालची कड कात्रीने सारखी केली आणि समोर ठेवलं. आमच्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहिलं तर बोटभराचाही फरक नाही!

तिथून पुढे आम्ही काकांचे शागीर्द झालो. टोपीला हनुवटीखालून नाडी हवी, नाहीतर पहिल्या उडीला ती खाली. झगा घोट्याच्या वर हवा, नाहीतर पाय अडकतो. घुंगरं दोरीवर न ओवता रुंद पट्ट्यावर टाका, म्हणजे कमरेला काचत नाहीत. चेहऱ्यावरच्या कापडाने श्वास कोंडतो, तेव्हा आम्ही लुइझियानाची युक्ती सुचवली: आत मच्छरदाणीच्या जाळीला बाक देऊन बसवायची, कापड तोंडापासून दूर राहतं. काकांनी ती घालून दोन गिरक्या घेतल्या आणि म्हणाले, "चालंल. देवाला चालंल."

काकांना शिमग्याला घरी जाऊन सहा वर्षं झाली होती. मार्चात सुट्टी मिळत नाही. गावात पालखी त्यांच्या अंगणात येते आणि ते इथून फोनवर ढोल ऐकतात. आपल्या कार्यक्रमांना ते आणि त्यांचे सोबती येतात, मागच्या रांगेत बसतात, जेवण झालं की कँपची बस गाठतात. शिवणाच्या त्या पाच शुक्रवारी मात्र ते मधोमध बसले आणि मॅनेजर, डॉक्टर, आम्ही इंजिनिअर त्यांच्याभोवती सुईत दोरा ओवत होतो. इथेच जन्मलेली आपली मुलं त्यांना विचारत होती, "काका, संकासुर खरंच असतो का?" काका म्हणायचे, "टोपी घातली की असतो."

कार्यक्रमाच्या रात्री पाच संकासुर नाचले. त्यांत कोण कुठल्या पदावर, कुणाचा पगार किती, हे तुम्हा कुणालाही ओळखता आलं नाही. मुखवट्याचा खरा उपयोग हाच असावा. मागणाऱ्याला लाज वाटत नाही आणि देणाऱ्याला आपण कुणावर उपकार केले असं वाटत नाही. गंबोच्या त्या पातेल्यातही कुणाच्या घरची कोंबडी, हे जेवताना कोण विचारतो?

तेव्हा मंडळी, आज जी पोस्त तुम्ही घालाल, ती आजारी पडलेल्या, तिकिटापायी अडकलेल्या आपल्याच माणसांसाठी आहे. उद्या त्या टोपीखाली कोण असेल, सांगता येत नाही. पोशाख धुऊन, घडी घालून, कापूर घालून ठेवलेत. पुढच्या शिमग्याला गोव्याच्या घोडेमोडणीसारखे कमरेला बांधायचे घोडे करायचा बेत आहे. बांबू, रंग आणि जुनं कापड आणून द्या. आणि शुक्रवारी सुईदोरा घेऊन याल, तर फारच उत्तम.