काव्यातील मृत्यूची रूपे आणि आयुष्याची वाट
(व्याख्यानाचा सारांश)



मृत्यूला रूप नाही, म्हणूनच त्याचे भय अधिक. कवी त्याला देह देतो, चालणे-बोलणे देतो. मग माणसाला त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य होते.

आठव्या शतकात आचार्य हरिभद्रसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या ‘समराइच्चकहा’त मधुबिंदूचा दृष्टांत आहे. अरण्यात वाटसरूच्या पाठीमागे मत्त हत्ती लागतो, तो मृत्यू. समोर खड्गधारी राक्षसी येते, ती जरा. जवळचा उंच वटवृक्ष म्हणजे मोक्ष. पण त्यावर चढणे वाटसरूला साधत नाही. तो विहिरीत उडी घेतो आणि शरगवताच्या जुडीला लोंबकळतो. जुडी म्हणजे आयुष्य. शुक्ल आणि कृष्ण पक्षांचे दोन उंदीर तिची मुळे कुरतडतात. एवढ्यात मधाचे थेंब ओठांवर ओघळतात आणि तो सारे संकट विसरतो.

सुमारे अकराशे वर्षांनी अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट गावी एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) यांनी निराळा मृत्यू पाहिला. कामात गढलेल्या स्त्रीसाठी तो सभ्य गृहस्थासारखा गाडी थांबवतो. सोबतीला अमरता असते. वाटेत शाळेतली मुले, पिकलेले शेत आणि मावळता सूर्य लागतो : बालपण, प्रौढत्व, वार्धक्य. अखेरीस जमिनीतून जेमतेम वर आलेले एक घर येते, ती कबर. १८९० साली ही कविता प्रथम छापताना संपादकांनी सूर्यास्तानंतरच्या गारठ्याचे कडवे गाळले. १९५५ च्या आवृत्तीत ते परत आले. सौजन्याच्या आड असलेला तो गारठा कवयित्रीने लपविला नव्हता.

मराठीत भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांच्या एका सुप्रसिद्ध कवितेत मृत्यू पती होतो आणि जीव माहेर सोडताना बावरलेली नववधू.

हत्ती, गृहस्थ, पती. रूपे तीन, पण तिघेही येतात ते न चुकता. फरक आहे तो माणसाच्या पाहण्यात. डिकिन्सन यांच्या कवितेतील स्त्रीला आयुष्याचे टप्पे दिसतात, परंतु अखेरच्या प्रवासात. मधाला लुब्ध झालेल्या वाटसरूला तर ते दिसतच नाहीत. हरिभद्रसूरींच्या दृष्टांताची हाक म्हणून अधिक निकडीची आहे : राक्षसी समोर येण्याआधी, हातापायांत बळ आहे तोवरच वटवृक्षाकडे वळावे.