एसीचा वास : दुर्लक्ष नको

(अड्याळ येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही इंजिनिअर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. तरीही एसीच्या वासावर बोलायला उभे आहोत, याला कारण आमच्याच घरी घडलेली एक गोष्ट आहे. ती ओघाने येईलच.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. नवतपा लागण्याच्या कितीतरी आधी तो बाहेर काढायचा, ताट्या बदलायच्या, टाकी भरायची. आता गावातही हप्त्यावर घेतलेले एसी दिसू लागले आहेत. कूलरचा वास आपल्या ओळखीचा आहे. पाणी चार दिवस तसेच राहिले की सडका वास सुटतो. त्यावर उपाय अत्तराचा नाही, टाकी रिकामी करण्याचा आहे. आठवड्यातून एकदा ती आतून घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास आपली अंडी टाकीच्या भिंतीला चिकटवतो. नुसते पाणी बदलून ती जात नाहीत. आणि हात घालण्यापूर्वी कूलरचा प्लग काढलाच पाहिजे. ही गोष्ट सर्वांना माहीत असते आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी विसरतो.

एसीत मात्र आपण पाणी घालत नाही. मग कुबट वास येतो कुठून? विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी अशी यंत्रणा आखली, ती हवेतला दमटपणा आवरण्यासाठी. दमटपणामुळे तिथला कागद फुगत-आकसत होता. आपला एसीही तेच करतो. आतल्या थंड नळ्यांवर हवेतले पाणी ठिबकते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसे. त्या ओलीवर धूळ बसली की बुरशी धरते आणि ओल्या मोज्यासारखा वास येतो. अशा वेळी जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे काम घरचे कुणीही करू शकते. बंद करण्यापूर्वी थोडा वेळ नुसता पंखा चालू ठेवला तर आतली ओल वाळते. एवढे करूनही वास राहिला, तर आतल्या नळ्या आणि पाण्याचे तबक मेकॅनिककडून धुवून घ्यावे.

नालीसारखा वास आला तर पाणी बाहेर नेणारी नळी पाहावी. पुष्कळ ठिकाणी ती सरळ गटारात खुपसलेली असते आणि गटाराची हवा त्याच वाटेने खोलीत येते. नळीचे तोंड गटाराच्या वर, मोकळे ठेवावे. मेलेल्या जनावराचा वास असेल तर आत पाल किंवा उंदीर अडकला असेल. त्यात निदान कसले करायचे!

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. ‘एसीचा गॅस सुटला, म्हणून वास येतो’ असे लोक म्हणतात. हल्लीच्या एसीतल्या आर-३२ गॅसला जवळजवळ वासच नसतो. गॅस गेला की गारवा कमी होतो, नळ्यांवर बर्फ धरतो. सडक्या कोबीसारखा उग्र वास आला तर आधी स्वयंपाकघरात जावे. सिलिंडरच्या गॅसला तो वास मुद्दाम दिलेला असतो, गळती कळावी म्हणून. तेव्हा विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावे.

आता आमची गोष्ट. एसी घेतला त्याच उन्हाळ्यात खोलीत मासळीचा वास येऊ लागला. घरी मासळी शिजली नव्हती. आम्ही शेजाऱ्यांवर ढकलले, उदबत्ती लावली. दोन रात्री आई आणि धाकटी मुलगी त्याच खोलीत झोपल्या. तिसऱ्या दिवशी वायरमनने प्लग ओढला, तर एक पाय काळा पडलेला, भोवतालचे प्लॅस्टिक वितळलेले. दीड टनाच्या एसीला १६ अँपिअरचे सॉकेट हवे. आम्ही ६ अँपिअरच्या जुन्या सॉकेटवर जोडणी करून काम भागवले होते. प्लगचे काही प्लॅस्टिक तापले की मासळीसारखा वास सुटतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

तेव्हा आम्हाला ९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. त्यांतली बहुतेक धुराने गुदमरली. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच याचा भरवसा नाही. जागेपणी आलेला वास म्हणूनच मोलाचा.

करपट किंवा मासळीचा वास आला, की रिमोटने एसी बंद करून थांबू नये, कारण प्लगपर्यंत वीज येतच असते. मुख्य स्विच पाडावा. तापलेल्या प्लगला हात लावू नये आणि त्यावर पाणी मुळीच टाकू नये.

वायरमनने जाडी वायर ओढून नवे सॉकेट बसवले, त्याला अर्धा दिवस लागला. आई मात्र त्या रात्री अंगणातच बाज टाकून झोपली.