परक्या मूत्रपिंडाची पाठराखीण

भगिनींनो, आपल्याकडे मूत्रपिंड देणाऱ्या जिवंत दात्यांत बायकाच अधिक. म्हणून हा विषय घेतला. दिलेले मूत्रपिंड शरीर परके मानते. १९५४ साली बोस्टनला ते मानवले खरे, पण तिथे दाता एकरूप जुळा भाऊ होता! इतरांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. पुढे त्याच शहरी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डॉक्टरांनी मूत्रपिंडाबरोबर दात्याचीच अस्थिमज्जाही दिली. तिच्यातील मूळपेशींपासून झालेल्या रक्तपेशी रुग्णाच्या रक्तात काही दिवस नांदतात. नव्या सुनेबरोबर पाठराखीण यावी, तशा. तेवढ्यात शरीराची ओळख पटते. मात्र त्याआधी तीव्र औषधे व किरणे सोसावी लागतात. २००८ साली ५ रुग्णांची हकीकत छापून आली. ४ जणांची औषधे सुटली. एकाचे मूत्रपिंड गेले.