परसातल्या भाजीचा हिशेब कोणाच्या नावे?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव, वीज आणि पाणी यांवर बाकीचे वक्ते बोलणारच आहेत. आम्ही बायका एक लहानसा दिसणारा विषय घेऊन उभ्या आहोत. भाजी निवडताना जे देठ, कोंब आलेले कंद आणि बिया आपण उकिरड्यावर फेकतो, त्यांतून परसात पुन्हा भाजी उभी करायची, हा तो विषय. हा काय संघटनेचा विषय झाला, असे काही भावांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. हा विषयही शेवटी भावाचाच आहे.

आपल्या घरातून माल जातो तो ठोक भावाने आणि घरात येतो तो किरकोळ भावाने. आले पिकवणारा आल्याची गोणी बाजारात पाठवतो. त्यातून मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा होते आणि उरलेले हातात पडते. त्याच घरातली बाई आठवड्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी, दोन लिंबे आणि मूठभर मिरच्या घेते, ती शहरातल्या गिऱ्हाईकाच्या भावाने. विकताना खालचा भाव, घेताना वरचा. मधला सगळा फरक घरातूनच जातो. परसातली भाजी हा फरक वाचवते. शेतातल्या मिरचीला बाजार जो देईल तो भाव, पण परसातल्या मिरचीला किरकोळीचा भाव मिळतो, कारण तेवढे पैसे घरातून जायचे थांबतात. आपल्या साऱ्या शेतीत एवढा भाव देणारा दुसरा तुकडा नाही. आणि नेमक्या याच तुकड्याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही, कारण तो बाईच्या हातचा आहे.

आता कामाचे बोलू. सगळे टाकाऊ उगवत नाही. कशातून काय मिळते ते नीट समजून घेतले पाहिजे.

आधी कंद. लसणाच्या गड्ड्यातल्या बारीक पाकळ्या सोलायला त्रास म्हणून बाजूला पडतात. त्या पातीसाठी केव्हाही लावा. गड्डे हवे असतील तर ठसठशीत पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, टोक वर करून, चार बोटांच्या अंतराने लावा. चार-साडेचार महिन्यांत गड्डा भरतो. आल्याचा डोळा फुगलेला तुकडा एप्रिल-मे महिन्यात सावलीच्या कडेला पुरा. आठ-नऊ महिने लागतात, पण चहापुरते आले कडेने उकरून आधीही काढता येते. बटाट्याचे दोन-तीन डोळे असलेले तुकडे थंडीच्या सुरुवातीला लावायचे. कापल्यावर एक-दोन दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यायचा, नाहीतर तुकडा जमिनीत कुजतो. हिरवा पडलेला बटाटा मात्र भाजीत घालू नये, तो विषारी असतो. कोंबलेले रताळे ओल्या वाळूत आडवे ठेवले की वेल फुटतात. त्यांचे वीतभर तुकडे तोडून लावायचे. अळकुड्या तर मोरीच्या पाटाला टाकल्या तरी वडीची पाने देतात.

मग देठ. पुदिन्याची पाने खुडली की काड्या फेकू नका. पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या तर आठ-दहा दिवसांत मुळ्या धरतात. शेवग्याची अंगठ्याएवढी जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडी लावली तर झाड होते. मुळ्याचा किंवा गाजराचा वरचा शेंडा लावला तर पुन्हा मुळा-गाजर येत नाही, हे लक्षात ठेवा. जमिनीतला भाग एकदाच तयार होतो. शेंडा पाला देतो आणि पुढे फुलावर येतो. मुळ्याचा शेंडा फुलू दिला तर डिंगऱ्या मिळतात, म्हणजे एक भाजी आणि वर बी.

तिसरे बी. धने आणि मेथी डब्यातच असतात. धने चपलेखाली हलके रगडून दोन फोडी करायच्या आणि पेरायचे. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर सव्वा महिन्यात हाताशी येते. पिकलेला टोमॅटो, लाल भोपळा, पिवळे पडलेले कारले, वाळलेली लाल मिरची यांचे बी पक्व असते, ते उगवते. पण भेंडी, काकडी, दुधी, दोडका आपण कोवळा चिरतो. त्या बियांत जीव धरलेला नसतो. त्यासाठी वेलावरचे एक चांगले फळ बियाण्याला राखून वाळू द्यावे लागते. ‘हे बियाण्याचे आहे, तोडायचे नाही’ असे घरातल्या पोरांना बजावायचे आणि वेलाला चिंधी बांधायची.

हायब्रीड भाजीचे बी धरले तर उगवते, पण झाडे एकसारखी निघत नाहीत. कोणाला मोठे फळ, कोणाला बारके. घरच्या भाजीला ते चालते, बाजाराच्या पिकाला चालत नाही. म्हणून परसात गावरान वाण आणले पाहिजेत.

कांद्याबद्दल वेगळे सांगावे लागेल. चाळीत कोंब टाकलेला कांदा परसात लावला तर दोन-तीन आठवड्यांत पात मिळते. त्याचा पुन्हा मोठा कांदा होत नाही. थंडीत तो राहू दिला तर डेंगळा येतो, गोंडा येतो, काळे बी मिळते. पण ते बी उन्हाळ कांद्याच्या उळ्यासाठी वापरू नका. जो कांदा चाळीत सगळ्यांच्या आधी कोंबला, त्याचीच जात वाढवली तर पुढची चाळही लवकर कोंबेल. उळ्यासाठी शेवटपर्यंत घट्ट राहिलेला, बारीक मानेचा, एकसारख्या रंगाचा कांदा निवडायचा. कांद्याचे बी वर्षभराच्या आत पेरावे, नंतर उगवण घटते. आणखी एक गोष्ट. लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र आहे. तिथून निघालेला कांदा कोंबत नाही, कारण कोंब रोखणे हाच त्या प्रक्रियेचा हेतू. बाजारातून आणलेला एखादा कांदा किंवा बटाटा काही केल्या उगवला नाही तर आपल्या हाताला दोष देऊ नका.

दोन सावधगिऱ्या. बाजारच्या कंदाबरोबर रोगही घरात येतो. ज्यांच्या शेतात आले-हळद आहे त्यांनी विकतचे आले शेताच्या बांधावर लावू नये. कंदकूज एकदा जमिनीत शिरली की लवकर निघत नाही. आणि मोरीचे पाणी. भांडी राखेने घासत होतो तोवर ते कुठेही सोडले तर चालत होते. आता त्यात साबणाची पूड असते. ते केळी, अळू, पपई यांच्याकडे वळवा. कोथिंबीर-पुदिना आपण कच्चा खातो, त्याला तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणीच घाला. साली आणि निवडलेला पाला शेण-मातीच्या थरात खड्ड्यात टाका, दोन-तीन महिन्यांत खत होते.

आता मूळ मुद्दा. भाव पडला की शहाणी माणसे शेतकऱ्याला काटकसर शिकवायला येतात. घरचे पिकवा, घरचे खा, खर्च कमी करा. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उघडली. उघडतानाही निर्यातशुल्क ठेवले, ते १ एप्रिल २०२५ ला गेले. या काळात चाळीवर जे नुकसान आले ते परसातल्या लसणाने भरून निघत नाही. परसबाग ही रास्त भावाची जागा घेऊ शकत नाही. कोणी तशी मलमपट्टी करायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि भावांनो, एक गोष्ट तुम्हालाही. बाई आधीच शेतात राबते, गोठ्यात राबते, चुलीशी राबते. त्यात परसबागेची भर घालून ‘आमची बाई हौशी आहे’ म्हणाल, तर आम्ही हा कार्यक्रम इथेच मोडू. १९८६ साली चांदवडला लाखोंच्या संख्येने शेतकरी बाया जमल्या, त्या हौस म्हणून नव्हे. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. तिच्यात व्यापार शेती आणि निर्यात शेती यांच्या बरोबरीने सीता शेती आणि माजघर शेती होती. सीता म्हणजे नांगराचे तास. विकतच्या निविष्ठांवाचून, घरच्या गरजेसाठी, बाईने आपल्या अकलेने करायचा जमिनीचा तुकडा असा त्याचा अर्थ होता. लक्ष्मीमुक्तीत कित्येक घरधन्यांनी जमीन बायकोच्या नावे केली. ज्यांनी केली नाही त्यांनी निदान परसाचा तुकडा आणि त्याचा हिशेब तरी तिच्या नावे करावा.

म्हणून आमचा ठराव साधा आहे. घराजवळचा एक गुंठा, नाहीतर चार वाफे, बाईच्या हुकमतीचे. तिथे काय लावायचे, केव्हा खुडायचे, शेजारणीला किती द्यायचे, हे तीच ठरवील. पाणी ओढायला आणि खड्डा खणायला घरातले पुरुष हात लावतील. रोज जे खुडले त्याची नोंद वहीत होईल, त्या दिवशीच्या बाजारातल्या किरकोळ भावाने. महिन्याच्या शेवटी जी बेरीज होईल, तेवढे पैसे वाचले असे धरून ते बाईच्या खात्यात जातील. लिहिता येत नसेल तर शाळेतली पोर लिहील.

बियाण्याला कोणाची परवानगी लागत नाही, हेही लक्षात असू द्या. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. शेतकऱ्याने बी राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, देवघेव करावी, विकावे, हा हक्क त्यात लिहिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापाच्या पिशवीत भरून, नाव लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या गावरान बियांपासून बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पदवीने नव्हे, गाडग्या-मडक्यांत बी राखून.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन गोष्टी आणाव्यात. आपल्या परसातल्या एका वाणाचे बी, कागदाच्या पुडीत, वर नाव आणि महिना लिहून. आणि ती वही. बियांची देवघेव बैठकीआधी होईल. वह्यांची बेरीज मात्र व्यासपीठावरून वाचली जाईल, म्हणजे बाईच्या कष्टाची किंमत किती याचा आकडा या जिल्ह्यात पहिल्यांदा पुरुषांच्या कानांवर पडेल. तो आकडा घेऊन मग आपण भावाची गोष्ट बोलू.