रँडॉल्फ कॉल्डेकॉट : मुलांचा चित्रकार

लहान मुलाला मांडीवर घेऊन चित्रांचें पुस्तक उघडलें, कीं वडील माणूस अक्षरें वाचूं लागतो आणि मूल चित्र वाचूं लागतें. पुष्कळदां वडिलांचें वाचन संपतें, पान उलटण्यासाठीं हात पुढें होतो. पण मूल तो हात धरून ठेवतें, कारण त्याचें वाचन अजून संपलेलें नसतें. मुलाच्या या हट्टांत मोठा अर्थ आहे, हें ज्या चित्रकारांनीं आरंभीं ओळखलें, त्यांत रँडॉल्फ कॉल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराचें स्थान फार वरचें आहे.

कॉल्डेकॉटचा जन्म १८४६ सालीं इंग्लंडांतील चेस्टर या जुन्या शहरीं झाला. लहानपणीं आलेल्या संधिवाताच्या तापानें त्याची प्रकृति कायमची नाजूक झाली. वडिलांच्या दृष्टीनें चित्रकला हा कांहीं पोटाचा उद्योग नव्हे; म्हणून पंधराव्या वर्षीं व्हिटचर्च गांवच्या एका बँकेंत तो कारकून म्हणून लागला. पण ही नोकरी वायां गेली नाहीं. फावल्या वेळीं तो आसपासच्या खेड्यांतून हिंडे. गुरांचे बाजार, शिकारी कुत्रे, घोडे, बदकें, शेतकऱ्यांचीं अंगणें डोळे भरून पाही आणि कागदावर उतरवी. पुढें मँचेस्टरच्या बँकेंत असतांना रात्रीच्या वर्गांत त्यानें चित्रकलेचा अभ्यास केला, आणि १८७२ सालीं नोकरी सोडून केवळ कुंचल्याच्या भरंवशावर तो लंडनला आला.

तेथें एडमंड इव्हान्स या कुशल मुद्रकाशीं त्याची गांठ पडली. मुलांचीं रंगीत पुस्तकें स्वस्त असावींत, पण गबाळीं नसावींत, असा इव्हान्सचा आग्रह होता. कॉल्डेकॉट टांकानें शाईचें चित्र काढी. त्याचें छायाचित्र लांकडी ठशावर उमटवून कारागीर तें कोरीत. त्याच्या छापील प्रतीवर कॉल्डेकॉट रंग भरून देई, आणि मग प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा कोरला जाई. पुस्तकाची किंमत एक शिलिंग. चित्रकारानें मोबदला मागितला तो प्रतीमागें एक पेनी. पुस्तक खपलें नाहीं तर कांहींच नको. १८७८ च्या नाताळांत पहिलीं दोन पुस्तकें निघालीं आणि हातोहात खपलीं. तेव्हांपासून १८८५ पर्यंत दर वर्षीं दोन, अशीं सोळा पुस्तकें त्यानें मुलांना दिलीं.

या पुस्तकांतील शब्द बहुतेक जुन्या बडबडगीतांचे आहेत. कित्येकदां एका पानावर चारच शब्द असतात. कॉल्डेकॉट त्या शब्दांची नक्कल करीत बसत नाहीं. शब्द जेथें थांबतात तेथून त्याचें चित्र चालूं लागतें. १८८२ सालचें एक पुस्तक पाहा. गाण्यांत बशी आणि चमचा पळून जातात, आणि गाणें तेथेंच आनंदांत संपतें. कॉल्डेकॉटचें पुस्तक मात्र तेथें संपत नाहीं. पुढच्या चित्रांत बशीचे तुकडे जमिनीवर विखुरलेले आहेत, आणि सुरी व काटा या वडीलधाऱ्या मंडळींनीं चमचीला धरून घरीं चालविलें आहे. याविषयीं एक अक्षरहि लिहिलेलें नाहीं. हंसतां हंसतां मूल थबकतें, आणि विचारतें, “आतां बशीचें काय?”

त्याच पुस्तकांतलें दुसरें गाणें अंगाईचें. तान्ह्या बाळाला गुंडाळण्यासाठीं बाप सशाचें कातडें आणावयास शिकारीला जातो, एवढेंच गाण्यांत आहे. चित्रांतल्या बापाला शिकार साधत नाहीं. शेवटीं तो दुकानांत जाऊन कातडें विकत घेतो! ही थट्टा झाली. पण अखेरच्या चित्रांत तें कातडें पांघरलेलें बाळ आईबरोबर फिरावयास निघालें आहे, आणि समोरच्या उंचवट्यावर जिवंत ससे बसलेले आहेत. बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहत आहे. त्या मुद्रेंत कुतूहल आहे, गोंधळ आहे, आणि कदाचित् न उमगलेलें दुःखहि आहे. चित्रकारानें कोणताहि उपदेश केलेला नाहीं. बालमनाला एवढें पेलतें, असा विश्वास मात्र त्यानें दाखविला आहे.

हा परिणाम तो अगदीं थोड्या रेषांनीं साधतो. काय गाळावें हें कळणें हीच खरी विद्या. रेषा जितक्या कमी तितक्या चुकाहि कमी, अशी त्याची धारणा होती. म्हणून त्याच्या चित्रांत कागद पुष्कळसा कोराच राहतो, आणि त्या कोऱ्या जागेंतून त्याचे घोडे भरधांव सुटतात.

प्रकृतीनें मात्र त्याला साथ दिली नाहीं. हिंवाळा टाळण्यासाठीं १८८५ च्या अखेरीस तो पत्नीसह अमेरिकेस गेला. पण १८८६ च्या फेब्रुवारींत फ्लॉरिडांतील सेंट ऑगस्टिन येथें त्याचा अंत झाला. चाळीस वर्षें पुरीं होण्यास थोडेच दिवस उरले होते. ज्या देशांत तो परका म्हणून निजला, त्या देशाच्या ग्रंथालय-संघानें १९३८ पासून मुलांच्या उत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दर वर्षीं त्याच्याच नांवाचें पदक देण्याचा प्रघात पाडला. उधळलेल्या घोड्यावर कसाबसा टिकून राहिलेला त्याचा जॉन गिल्पिन त्या पदकावर कोरलेला आहे.

परंतु त्याचें खरें स्मारक घरोघरीं होण्यासारखें आहे, आणि त्याला खर्च कांहीं नाहीं. चित्राच्या पानावर मुलानें हात धरून ठेवला, तर वडिलांनीं क्षणभर थांबावें, आणि तें काय पाहत आहे तें त्यालाच विचारावें.