गाडीचा सर्च रिपोर्ट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘बँकेतील अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण ते अनुभव आपण कट्ट्यावर बरेच वेळा ऐकले आहेत. आज मी माझी एक फजिती सांगणार आहे. आपल्या पार्किंगमध्ये हल्ली ‘जेमतेम वर्षभर वापरलेल्या’ गाड्या येऊ लागल्यात, त्यामुळे ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आपण इथे फ्लॅट घेतले तेव्हाचं आठवा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढल्याशिवाय कोणत्याही बँकेने कर्ज दिलं नाही. जमीन मुळात कोणाची, बोजा कोणाचा, सगळं तपासलं. असे रिपोर्ट वाचण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि तोच मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये सव्वापाच लाखांची गाडी घेतली ती रंग बघून!

सौ.चं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचं, रिक्षात चढता येईना. एका विक्रेत्याकडे सतरा महिन्यांची गाडी मिळाली. एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याची. फर्स्ट ओनर, रनिंग फक्त नऊ हजार, बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त. “मालक परदेशी चाललेत काका, म्हणून देतायत.” मी मान डोलावली.

तीन गोष्टी तेव्हाच माझ्या हातात होत्या. विम्याची पॉलिसी महिन्यापूर्वीच काढलेली, त्याआधी काही महिने विमाच नाही. त्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य. खरं तर पहिल्या वर्षी क्लेम नसेल आणि पॉलिसी वेळेत रिन्यू केली, तर वीस टक्के मिळतो. आणि सर्व्हिस बुकात पहिल्या फ्री सर्व्हिसनंतर सगळी पानं कोरी. कर्जदाराने असे कागद आणले असते तर मी त्याला परत पाठवलं असतं. इथे मात्र “मालक रिन्यू करायला विसरले” एवढ्यावर माझं समाधान झालं.

पुढच्या जुलैत घोडबंदर रोडवर भर पावसात गाडी बंद पडली. काचा खाली होईनात, दिवे लागेनात. सौ. मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या. दीड तास आम्ही तसेच. शेवटी मेकॅनिक आला. त्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला, आतल्या टोकाला मातीची रेघ. मग कार्पेट उचललं. खाली वाळलेला बारीक गाळ. “काका, ही पुरातली गाडी आहे,” तो म्हणाला.

जुन्या आरसीच्या झेरॉक्सवर पहिल्या मालकिणीचा पत्ता होता, चिपळूणचा. मी सरळ पत्र टाकलं. आठ दिवसांनी फोन आला. बाई शिक्षिका. म्हणाल्या, “काका, २२ जुलै २०२१ च्या पुरात ती गाडी टपापर्यंत बुडाली होती. विमा कंपनीने टोटल लॉस धरून पैसे दिले. आम्ही फॉर्मांवर सह्या करून दिल्या. ती अजून रस्त्यावर आहे?” परदेशी वगैरे त्या कुठेच चालल्या नव्हत्या. उलट मधल्या काळात कुठल्याशा गावचं सिग्नल तोडल्याचं चलन त्यांच्या मोबाईलवर आलं होतं.

आता यातलं गणित सांगतो. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या जाहीर किमतीच्या पाऊण पटीवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, मोडकी गाडी लिलावात जाते. इथपर्यंत सगळं कायदेशीर. लबाडी सुरू होते ती पुढे, गाडी धुऊनपुसून इतिहास न सांगता विकतात तेव्हा. आपल्या आरसीवर ‘ही गाडी बुडाली होती’ असा शेरा नसतो. सह्या केलेले फॉर्म हातोहात फिरतात, मधले दोन-तीन मालक कागदावर येतच नाहीत, आणि आपल्याला दिसतो तो ‘फर्स्ट ओनर’.

म्हणून गाडी घेताना आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी स्वतः बोला. एवढी नवी गाडी का विकताय, हे त्याच्याच तोंडून ऐका. चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा आपल्या डोळ्यांनी जुळवा. एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, कर्जाचा बोजा दिसतो, तो पाहा. आरसी डुप्लिकेट असेल तर मूळची कुठे गेली ते विचारा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मूळ प्रतीत घ्या, झेरॉक्स नको, आणि त्या शाखेत फोन करून खात्री करा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसचा इतिहास विचारा. गाडी नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा.

विकणाऱ्यांनीही ऐका. सह्या करून किल्ली दिली म्हणजे सुटलो, असं नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक. त्या शिक्षिकाबाईंवर चलनावरच भागलं, हे त्यांचं नशीब.

गाडीचं पुढे काय झालं? विक्रेत्याने बोट दाखवलं पावतीवरच्या ‘जशी आहे तशी’ या शब्दांकडे, खाली माझी सही. मी तक्रार करायला हवी होती. केली नाही, लाज वाटली. मग एक दलाल आला. म्हणाला, “काका, पुराचं बोलू नका, चार लाख देतो.” निवृत्त माणसाला चार लाख कमी नसतात. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सौ. म्हणाल्या, “पुढच्या पावसात त्या गाडीत कोण बसलेलं असेल?”

गाडी भंगारात दिली, नोंदणी रद्द करून घेतली. हातात सत्तर हजार आले. साडेचार लाख बुडाले, पण ती गाडी माझ्यापाशी थांबली. सौ. समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, मान हलवताहेत, म्हणजे हिशेब बरोबर असावा.

तेव्हा मंडळी, गाडी घेण्याआधी कागद घेऊन माझ्याकडे या. चहा आमच्याकडे. फी नाही.