परक्या जागेतील घरे



१९९४ साली अमेरिकेत इंटरनेटवर ‘जिओसिटीज’ ही वसाहत उदयास आली. तीत विषयवार पेठा होत्या. ‘हार्टलँड’ पेठेत कुटुंबवत्सल मंडळींची पाने असत. प्रत्येक पानास घरक्रमांक असे आणि नवागतास पेठेतीलच स्वयंसेवक साहाय्य करीत. त्या दिवसांची आठवण आजही अनेकांना व्याकूळ करते. कारण ती घरे, ओबडधोबड का होईनात, त्यांनी स्वहस्ते उभारली होती.

जमीन मात्र परक्याची होती. १९९९ साली ‘याहू’ने ती विकत घेतली आणि २००९ साली अमेरिकेतील वसाहत मोडली. बरेचसे वाचले, ते वेळीच नकला करून ठेवणाऱ्या स्वयंसेवकांमुळे.

बांधवहो, आपल्या वंशावळी, पत्रे व छायाचित्रेही आज अशाच परक्या जागेत आहेत. त्यांची एक प्रत घरी जपावी, एवढीच नम्र विनंती.